पाण्याचे वतन

श्रावण वद्य पंचमी, मंदवार, दिवसाचा पहिला प्रहर. मुक्काम पुणे, बुधवार पेठ, राहते घर. हजर असामी: मी स्वतः, ओसरीवर, कागद घेऊन, सौभाग्यवती यमुना, चुलीपाशी पाटावर, पाणक्या, पडवीत, रिकाम्या हातांनी. गैरहजर: मुलगा सदू, नाशकास कारकुनी शिकतो आहे, धाकटी ठकी, साताऱ्यास सासरी. राहिली थोरली लेक कृष्णी. तिला सातवा महिना आहे, पहिल्या बाळंतपणासाठी वाईहून माहेरी आली आहे, आणि या घटकेस पाणक्याच्या हातची कळशी काढून घेऊन हौदावर गेली आहे. तिला हजर धरावे की गैरहजर, ते ठरत नाही.

बायकोचे नाव मी तोंडाने घेत नाही. हजेरीत लिहावे लागते म्हणून लिहिले. पुढे तिला 'ही' म्हणेन.

पाऊस कालच्यासारखाच आहे. पडतो, थांबतो, भिंतीवर उन्हाची एक पट्टी येते, ती नीट पाहावी तोवर पुन्हा पडतो. दांडीवरची धोतरे तीन दिवस ओली आहेत. कागद हाताला दमट लागतो आणि शाई पसरते. ओल्या घोंगडीचा, धुराचा आणि हौदाकडून येणाऱ्या शेवाळाचा मिळून एक वास होतो, तो श्रावणातच येतो. तो आला की मला दरवर्षी एकच पावसाळा आठवतो. मधले आठ पावसाळे कुठे गेले, सांगता येणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी अशाच दिवसांत ही हौदाच्या पायऱ्यांवरून घसरली. डाव्या पायाचे हाड नडगीपाशी मोडले. बिबवेवाडीहून हाडवैद्य आणला. त्याने पाय ओढून बसवला, बांबूच्या कामट्या लावून चिंध्यांनी करकचून बांधला आणि हात धुता धुता म्हणाला, "बाई, चाळीस दिस ह्यो पाय भुईला लावायचा न्हाई. लावला तर हाड आपल्या मनानं बसंल, माझ्या न्हाई."

मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, "घरात काम करनारं कोन हाय?"

मी दाराआडून पाहणाऱ्या तीन मुलांकडे बोट केले. कृष्णी नऊ वर्षांची, सदू सात, ठकी पाच. हाडवैद्याने तिघांना नीट न्याहाळले.

"मंग कठीन हाय," तो म्हणाला.

मला ते तितके कठीण वाटले नाही. सरकारी दफ्तरात, फडावर, चाळीस कारकुनांची हजेरी मी घेतो. तीन मुलांचे काय. दफ्तरदारांनी मोठ्या मनाने घरी बसून नकला करायची परवानगी दिली होती, आणि रुमालांत बांधलेले कागदांचे गठ्ठे शिपायाबरोबर घरी येत होते. श्रावणाच्या दक्षिणेसाठी गावोगावचे ब्राह्मण शहरात उतरले होते, त्यामुळे पाणके, आचारी, कोणी म्हणून मिळत नव्हते. स्वयंपाक मी करणार होतो. झाडलोट, लाकडे, दिवे, भांडी आणि सोवळ्याचे पाणी मुलांनी पाहायचे. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी पाणक्या नसेल तर घरच्याच माणसाने ओल्या वस्त्राने आणावे लागते; ते कोणा शेजारणीच्या गड्याला सांगता येत नाही. मी याद केली. यादीच्या डोक्यावर लिहिले: हिने उठू नये. बाकी सगळी कलमे त्या एका कलमासाठी होती. काम अडले की ही उठणार, हे मी तिला ओळखून होतो.

पहिली युक्ती गुळाची. काम केले की एक खडा. दोन दिवस घर चकाचक. तिसऱ्या दिवशी सदू आला. "अण्णा, ओसरी झाडली." खडा दिला. घटकाभराने पुन्हा आला. "अण्णा, ओसरी पुन्हा झाडली."

"पुन्हा कशाला?"

"पुन्हा घाण झाली."

"कोणी केली?"

ठकी म्हणाली, "त्यानंच माती आणून टाकली." आणि साक्ष दिल्याबद्दल तिने हात पुढे केला.

गूळ पावसाने पाझरू लागला, मुंग्या लागल्या, तेही चालले असते. पण एका दुपारी हिने अंथरुणातून सदूला तांब्याभर पाणी मागितले आणि त्याने सरळ विचारले, "गूळ किती?" हिने त्याच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"लेक सरकारचाकरीला लागला वाटतं," म्हणाली.

मी गुळाची ढेप उचलून फडताळात वर ठेवली.

त्या दिवसांत माझ्याकडे आले होते ते रुमाल वतनांच्या तंट्यांचे. अमक्या गावच्या पाटीलकीचा हक्क थोरल्या घराचा की धाकट्या. तमक्या जोशाच्या अनुपस्थितीत ज्याने पंचांग सांगितले त्याला हिस्सा आहे की नाही. मी नक्कल करताना मोठ्याने वाचतो, ती माझी सवय आहे. मुले पावसामुळे घरातच, माझ्या आसपास. ती ऐकत असतील असे मला वाटले नव्हते. ऐकता ऐकता कृष्णीने एकदा विचारले, "अण्णा, वतन म्हणजे काय?"

मी सांगितले, "गावातलं एखादं काम. आणि त्या कामाचा मान आणि हक्क. ते एकाच घराकडे राहतं. सुताराचं सुताराकडे, पाटलाचं पाटलाकडे. दुसऱ्या कोणी त्यात हात घालायचा नाही."

"मग तो माणूस काम टाळत नाही?"

"टाळील कसा? ते त्याचं असतं ना."

बोलता बोलता मला सुचले. गूळ खाऊन संपतो. मान संपत नाही. मी त्याच दिवशी तिघांना वतने दिली. खरोखरचे कागद केले, जाड, चांगल्या कागदाचे उरलेले तुकडे वापरून. ठकीला मांजर हाकण्याचे वतन: दुधाशी मांजर येऊ द्यायचे नाही, हक्क, रोज बोटभर साय. (ती साय ती मांजराबरोबर वाटून खाई, त्यामुळे मांजर जागचे हलत नसे.) सदूला लाकडांचे आणि दिव्यांचे, हक्क, मुठेला पूर आला की माझ्याबरोबर काठावर पाहायला यायचे. कृष्णीला पाण्याचे, हक्क, तूप कढवले की भांड्याच्या तळाची बेरी, आणि आईच्या उशाचा तांब्या फक्त तिने भरून ठेवायचा. दोन्ही हक्क तिने स्वतः मागून घेतले. दुसरा तिने आधी मागितला.

कागदावर मी वाटीच्या बुडाला कुंकू लावून शिक्का केला. आणि लिहिताना हात सवयीने पुढे गेला. दिवसभर जे उतरवून काढत होतो तेच उतरले: सदरहू वतन पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने चालवावे.

कृष्णीला अक्षर येत नव्हते. तिने मला सगळा कागद वाचायला लावला आणि त्या शब्दापाशी थांबवले.

"वंशपरंपरेने म्हणजे?"

"म्हणजे कायमचं. तुझं, मग तुझ्या मुलांचं, त्यांच्या मुलांचं. कोणी काढून घेऊ शकत नाही."

"आणि मला सोडायचं असलं तर?"

मी हसलो. "वतन कोणी सोडत नसतं, बाई."

तेवढेच. कागदाची घडी करून तिने ती ओच्यात खोचली. आतून हिचा आवाज आला, "आणि मला कसलं वतन?"

"पडून राहण्याचं," मी म्हणालो.

"हक्क काय?"

मी दौतीत पाणी घातले.

हे मान्य केले पाहिजे की घर चालू लागले. पहाटे कृष्णी ओले नेसून कळशी घेऊन जाई, तीन खेपांत सोवळ्याचे पाणी भरे, फडक्याने तोंडे बांधी. सदू लाकडे फोडलेली आणून ओलीसुकी वेगळी रची. मला हाक मारावी लागत नव्हती. रुमाल न्यायला येणाऱ्या शिपायाला मी सगळी व्यवस्था समजावून सांगितली. त्याने ती फडावर सांगितली. दफ्तरदार म्हणे खूश झाले. मीही खूश होतो. पण घरात हवा येत नव्हती. तीन खणांचे घर, पाच माणसे, सगळी दारे पावसासाठी लावलेली, आणि ज्याचे त्याचे काम त्याच्या अंगाला शिवून टाकल्यासारखे. सदूने एकदा कृष्णीच्या भरल्या घागरीवर झाकण ठेवले तर तिने ते काढून पुन्हा स्वतः ठेवले. ठकी खेळायला शेजारी जाईना. मांजर येईल म्हणे. ही पडल्या पडल्या छपराचे वासे पाहत असे. प्रत्येकाला तिने नाव दिले होते.

"तो चौथा वाकडा," एकदा मला सांगितले, "तो तुमचा चुलता. सगळा भार शेजारच्यावर."

"आणि मी कोणता?"

"तुम्ही त्यातले नाही. तुम्ही खुंटी. जिथे ठोकलं तिथे."

मी तेव्हा हसलो होतो. आता तितकेसे हसू येत नाही. दर दसऱ्याला मला सरकारातून पागोटे मिळते, आणि त्याआधी पंधरा दिवस दफ्तरदार सर्वांदेखत म्हणतात, तुमच्यावाचून फड चालायचा नाही. ते ऐकायला मी वीस वर्षे त्याच कोपऱ्यात, त्याच बैठकीवर बसतो आहे. माझ्याआधी तिथे माझे वडील बसत. मला कोणी बांधलेले नाही. उठून जावे असे मात्र एकदाही वाटलेले नाही, आणि वाटले नाही याचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता.

सत्ताविसावा दिवस उजाडेपर्यंत सगळे ठीक होते. म्हणजे त्याआधी दोन दिवस कृष्णीला ताप होता आणि पाणी सदूने आणले, लहान बिंदगीने, दहा दहा खेपा करून, कुरकुर न करता. सत्ताविसाव्या दिवशी मी तूप कढवले. कृष्णी उठून बसली होती. बेरी मी तिच्यापुढे ठेवली. सदू म्हणाला, "त्यात माझं आहे." ती म्हणाली, "नाही." मी म्हणालो, "उद्या पाहू," आणि भांडे झाकून ठेवले. तेही चुकलेच.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी ओसरीत गलका नव्हता. उलट फारच शांत होते, म्हणून मी मान वर केली. दोघे ओले नेसून समोरासमोर उभे. मध्ये रिकामी कळशी, तिच्या गळ्याला दोघांचे हात.

"सोड."

"तू सोड. दोन दिवस मी आणलं."

"माझ्या वतीनं आणलंस. तू माझा गुमास्ता."

"गुमास्त्यालाही हिस्सा असतो. अण्णांनी वाचलं परवा."

हे शब्द ऐकून मला काय झाले ते लिहायला हवे. मला आनंद झाला. सात वर्षांचा मुलगा गुमास्त्याच्या हिश्श्याचा मुद्दा काढतो, नऊ वर्षांची मुलगी त्याला उत्तर देते. मला म्हणायला हवे होते, आधी पाणी आणा, मग भांडा. मी बोरू कानावर ठेवला आणि म्हणालो, "दोघंही बसा. कळशी मध्ये ठेवा. ज्याला जे म्हणायचं ते क्रमानं म्हणा."

आणि मी निवाड्याला बसलो.

कृष्णीने आपली बाजू मांडली: कागद तिच्या नावाचा, ताप हा काही गुन्हा नाही. सदूने आपली: खेपा त्याच्या, खांदा त्याचा दुखला. मी मुद्दे कागदावर घेत होतो. मग साक्ष. ठकीला पुढे बोलावले.

"परवा पाणी कोणी आणलं, ठके?"

ठकीने दोन्ही भावंडांकडे पाहिले. कोणाकडूनही मार नको होता. "मांजरानं," ती म्हणाली.

"मांजर साक्षीत धरत नाहीत."

"मग मला माहीत नाही."

आतून हिने हाक मारली. "अहो, घरात घोटभर पाणी नाही."

"आलंच. निवाडा होतोय."

"होऊ दे. तहानेलाही साक्षीला बोलवा."

मुले हसली. मीही हसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ठकी सकाळपासून उपाशी आहे हो." मी म्हणालो, "एवढं एक कलम." आणि खरोखरच एकच कलम राहिले होते: मूळ वतनदार बरा झाल्यावर गुमास्त्याचा हक्क कोणत्या घटकेपासून संपतो. मी त्यासाठी रुमाल सोडून जुना एक निवाडा शोधू लागलो. तो सापडला. त्यात तंतोतंत हाच प्रश्न होता. मी तो मोठ्याने वाचला.

वाचताना मला आत भिंतीवर हात घासल्यासारखा आवाज आला होता. मागचे दार कुरकुरल्याचेही ऐकले. मला वाटले, मांजर.

मग काहीतरी पडले.

ही मागच्या दाराच्या आत बसलेली होती. हातात तांब्या, अंगावर ओले लुगडे, डावा पाय अंगाखाली दुमडलेला, कामट्यांतली एक निघून बाहेर आलेली. एवढे ओले वस्त्र तिने नेसले कधी, कसे, आम्हाला कोणाला कळले नाही. ओरडली नव्हती. माझ्याकडे पाहून तिने विचारले, "झाला का निवाडा?"

माझ्या मागे कृष्णी उभी होती. तिने आईच्या हातातला तांब्या सोडवून घेतला, कळशी उचलली आणि हौदाकडे धावत गेली.

हाडवैद्य संध्याकाळी आला. त्याने पाय दाबून पाहिला, पुन्हा बांधला, आणि या वेळी हात धुवायलाही थांबला नाही. "हाड सांधंल," तो म्हणाला. "पन त्याच्या मनानं. म्या काय सांगितलं व्हतं?" आश्विनात ही उठली. तेव्हापासून डाव्या पायावर झोक देऊन चालते. चार पावले गेली की भिंतीला हात लावते. आमच्या घरात ओसरीपासून चुलीपर्यंत हाताच्या उंचीवर भिंत काळी पडली आहे.

निवाडा मी दिला नाही, कोणी मागितला नाही. बेरीच्या भांड्यात मुंग्या झाल्या. सदूने आपल्या कागदाची होडी करून पन्हळीच्या पाण्यात सोडली. ठकीच्या कागदावर मांजर व्यायले. मुलांचा खेळ, पाऊस गेला की विसरतील, असे मी मानले. पुढची याद करायला घेतली.

कृष्णीने बेरी पुन्हा कधी खाल्ली नाही. पाणी मात्र त्या दिवसापासून कोणाला आणू दिले नाही. अंगात कसकस असली तरी सांगत नसे; कळशी घेऊन निघाली की कळे. आम्ही म्हणत होतो, पोर गुणाची आहे. मीही चारचौघांत म्हटले आहे. वाईला गेल्यावर तिच्या सासूने निरोप पाठवला की सुनेला पाण्याची भारी हौस, दोन जावा असून सगळे एकटी भरते. तो निरोप मी हिला वाचून दाखवला, चांगली बातमी म्हणून. ही भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"हौस म्हणे," ती म्हणाली, आणि पुन्हा थापू लागली.

या खेपेला कृष्णी यायच्या आधी मी पाणक्या ठेवला. पहिल्या सकाळी तिने त्याच्या हातून कळशी काढून घेतली. "न्हाणीचं तू भर, दादा," म्हणाली, "सोवळ्याचं माझं आहे." मी रागावलो. हिने समजावले. हाताला धरून बसवले तर बसली, आणि आमची पाठ वळताच गेली. हौदाच्या पायऱ्या त्याच आहेत. शेवाळही तेच. सातवा महिना, डोक्यावर भरली कळशी आणि काखेत दुसरी.

काल दुपारी ही माझ्यासमोर येऊन बसली. बसायला तिला वेळ लागतो.

"तिला वाटतं, तिच्यामुळे माझा पाय गेला," म्हणाली. "ती कळशी सोडली असती तर मी उठले नसते, असं तिला वाटतं. नऊ वर्षं."

"तिनं सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी शंभरदा सांगून बघितलं की तसं नाही. ती म्हणते, आई, तू चांगली आहेस म्हणून म्हणतेस." मग ती म्हणाली, "माझ्या म्हणण्याचा उपयोग नाही. तुम्ही सांगा. त्या सकाळी घरात मोठं माणूस कोण होतं, ते तुम्ही सांगा."

मी विचारले, "काय सांगू?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. त्या सकाळी ओसरीत एक धडधाकट पुरुष बसलेला होता. त्याला स्नान करून ओले धोतर नेसून, कळशी उचलून हौदापर्यंत जाऊन यायला अर्धी घटका लागली असती. पेठेतले कितीतरी गृहस्थ रोज जातात. चाळीस दिवसांची याद मी केली, सगळी कामे सगळ्यांना वाटली, आणि पाण्यापुढे माझे नाव लिहावे हे माझ्या मनातसुद्धा आले नाही. ही उठली ती मुले कळशीवर भांडत होती म्हणून नव्हे. मी बसून राहिलो म्हणून ती उठली. एवढेच तिला सांगायचे आहे. चार वाक्ये. यापेक्षा अवघड मजकूर मी रोज लिहितो.

पाऊस थांबला आहे. गल्लीतून ओल्या पावलांचा आवाज येतो आहे. एक पाऊल जपून, मग दुसरे. पाणक्या उठून उभा राहिला. मीही कागद बाजूला ठेवला आणि उभा राहिलो.

कृष्णी दारातून वाकून आत आली. एका हाताने भिंत धरून तिने काखेतली कळशी खाली ठेवली, मग डोक्यावरची उतरवली. कपाळावरचे पाणी मनगटाने पुसले. मी अजून उभाच आहे हे तिच्या लक्षात आले.

"अण्णा, काही म्हणत होतात?"

चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"फडक्यानं तोंड नीट बांध घागरीचं," मी म्हणालो. "कचरा पडतो."

"बांधते," ती म्हणाली. तिने दोन्ही कळशा घागरीत रिकाम्या केल्या, घागरीचे तोंड बांधले, आणि रिकाम्या कळशा उचलून पुढच्या खेपेला निघाली.